व्हिंटेज पिकनिक, पण कोणाची?

(ऑडिओ ऐकायला वेळ नसेल तर हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं जरा सरळ केली आहेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आधी नीट उभे राहा, बॅग पुढे घ्या, आणि मग ऐका. आजचा भाग नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. आज किल्ला नाही, लढाई नाही, राजा नाही. आज आहे एका मैत्रिणीचा वाढदिवस. जागा आंबिवली. तीच आपली आंबिवली, शहाड आणि टिटवाळ्याच्या मधली, जिथे कसारा लोकल पकडायला निघालेला माणूस चुकून उतरत नाही आणि ज्याला उतरायचंय त्याला दारापर्यंत पोचता येत नाही.

तर झालं असं. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण फेब्रुवारीत पंचवीस वर्षांची होणार होती. हॉटेलमध्ये केक कापून सगळ्यांना कंटाळा आलेला. तिनेच ग्रुपवर एक फोटो टाकला. हिरवळ, लाल-पांढऱ्या चौकटींचं कापड, वेताची टोपली, काचेच्या बाटल्या, लेसच्या टोप्या घातलेल्या मुली. खाली लिहिलं होतं, ‘मला असं पाहिजे. व्हिंटेज पिकनिक. पण आपल्या आंबिवलीत, नदीकाठी.’

आमच्या ओळखीच्या एकाचं काळू नदीच्या बाजूला शेत आहे. भात कापून झाल्यावर जमीन मोकळीच असते. आंब्याची दोन मोठी झाडं आहेत, सावली आहे. जागेचा प्रश्न मिटला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘तू इतिहासवाली ना? मग व्हिंटेज तुझ्याकडे.’

मला काय, आनंदच झाला. मी दोन दिवसांत यादी तयार केली. म्हटलं, इंग्लंडचं व्हिंटेज कशाला? आपलं करू. चौकटीच्या कापडाऐवजी गोधडी. वेताच्या टोपलीऐवजी बुरुडाची दुरडी. कागदी प्लेटऐवजी पळसाच्या पत्रावळी. आणि जेवण टेबलावर मांडायचं नाही, पंगत मांडायची. माझी आजी कार्तिकातल्या आवळीभोजनाच्या गोष्टी नेहमी सांगते. आवळ्याच्या झाडाखाली सगळं घर जमायचं, पूजा व्हायची, तिथेच स्वयंपाक, तिथेच पंगत. मी यादीला नाव दिलं, ‘आजीच्या काळातलं वनभोजन’. आणि ग्रुपवर टाकली.

सगळ्यांनी बदाम पाठवले. बर्थडे गर्लने नाही पाठवला.

रात्री तिचा फोन आला. आवाजात राग नव्हता. आधी म्हणाली, यादी छान आहे. मग थोडं थांबून म्हणाली, ‘एक विचारू का गं? तुझ्या आजीच्या त्या पंगतीत माझ्या आजीला कुठे बसवलं असतं?’

मला उत्तर माहीत होतं. इतिहास शिकलेली आहे मी. तरी तीन-चार सेकंद काही बोलताच आलं नाही.

आजचा सगळा भाग त्या तीन-चार सेकंदांबद्दल आहे.

आधी त्या फोटोतली पिकनिक

फोटोपासून सुरुवात करू. ‘पिकनिक’ हा शब्द मूळचा फ्रेंच. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो फ्रेंचमध्ये सापडतो. आणि गंमत बघा, तेव्हा त्याचा अर्थ बाहेर जाऊन खाणं असा नव्हताच. ज्या जेवणात प्रत्येक जण आपला वाटा आणतो किंवा आपल्या वाट्याचे पैसे भरतो, ते जेवण म्हणजे पिकनिक. आपल्या भाषेत वर्गणी काढून केलेली पार्टी. ती घरात व्हायची, खाणावळीत व्हायची. लंडनमध्ये 1802 च्या सुमारास हौशी श्रीमंतांनी ‘पिकनिक सोसायटी’ काढली होती, तीसुद्धा छपराखालीच. नाटकं करायची, गाणी म्हणायची, आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा.

पुढच्या काही दशकांत ती पिकनिक झाडाखाली आली. आणि बाहेर आली तशी थाटाची झाली. 1861 साली इंग्लंडमध्ये इझाबेला बीटन नावाच्या बाईंचं घरकामावरचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात चाळीस माणसांच्या पिकनिकची यादी आहे. थंड केलेलं भाजलेलं मांस, पाय, सॅलड, केक, आणि डझनांनी मोजलेल्या दारूच्या बाटल्या. आता डोळे मिटून विचार करा. चाळीस माणसांचं हे सगळं सामान हिरवळीपर्यंत नेलं कोणी? काचेचे पेले पुसले कोणी? फोटोत लेसच्या टोप्या दिसतात. टोपल्या उचलणारा माणूस फोटोत नसतो.

हिंदुस्थानात तर ते आणखी सोपं होतं. साहेब लोक सहलीला निघाले की खानसामा, हमाल, भिश्ती आधी रवाना. साहेब पोचेपर्यंत टेबल मांडलेलं. गवतावर बसून साधेपणाने खाण्याची हौस, आणि त्या साधेपणासाठी राबणारी दहा माणसं.

हेच सगळं चाललेलं असताना आपल्या भागात काय घडत होतं? रेल्वे येत होती. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे. 1 मे 1854 ला कल्याण. 1 ऑक्टोबर 1855 ला कल्याणच्या पुढे वाशिंदपर्यंत. म्हणजे आज तुम्ही आंबिवलीला ज्या मार्गावर उभे राहता, तो पहिल्या दोन-अडीच वर्षांतलाच. 1861 मध्ये, बीटनबाईंचं पुस्तक आलं त्याच वर्षी, गाडी कसाऱ्याला पोचली. आणि गाडीने एक नवीन पंचाईत केली. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर शेजारी कोण बसलंय, त्याची जात कोणती, हे ठरवणं तुमच्या हातात राहिलं नाही. तिकीट काढलं की बाक सगळ्यांचा.

बाकाचं झालं. पाण्याचं आणि जेवणाचं मात्र इतक्या लवकर झालं नाही.

आता माझ्या यादीतली पंगत

वनभोजन, आवळीभोजन हे सुंदर प्रकार आहेत, यात वाद नाही. थंडीतली उन्हं, चुलीचा धूर, झाडाची सावली. माझी आजी सांगते ते खोटं नाही. पण आठवणीत चव राहते, नियम गळून पडतात.

पंगतीचे नियम काय होते? कोण कोणाबरोबर बसेल हे जातीने ठरायचं. एकाच जातीत मान कोणाचा मोठा त्यावर पाट कुठे मांडायचा ते ठरायचं. वाढणारा कोण, पाणी देणारा कोण, हेही ठरलेलं. बायका मागून जेवायच्या. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आपण आजही सहज वापरतो ना, ऑफिसात बॉसने कोणाला झुकतं माप दिलं की? तो शब्द ह्या पंगतीतूनच आलाय. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसती ओली चमच्याची टोकं. आणि गावजेवणात जे अस्पृश्य मानले गेले होते, त्यांना तर पंगतच नाही. ते लांब, शेवटी, उरलंसुरलं मिळेपर्यंत थांबायचे. उष्ट्या पत्रावळींचं काय करायचं, ते कामही बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला.

मी यादीत ‘पळसाच्या पत्रावळी’ लिहिलं तेव्हा मला पानाचा वास आठवला होता. तिला दुसरं काहीतरी आठवलं. एकच पत्रावळ.

इथे मला एक प्रवास सांगायचाय, कारण तोही एका सहलीसारखाच सुरू होतो. साल 1901. साताऱ्याची काही मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत कोरेगावला वडिलांकडे निघाली. वडील तिथे नोकरीला होते. मुलांसाठी नवे सदरे शिवले होते, भरजरी टोप्या होत्या, रेशीमकाठी धोतरं होती. पहिल्यांदा आगगाडीत बसायचं होतं. बरोबर खायला बांधून दिलेलं होतं. मसूर स्टेशनवर उतरले, पण वडिलांना पत्रच मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली, महार, आणि तो मागे सरला. बैलगाडीवाले येईनात. शेवटी एक जण तयार झाला, दुप्पट भाडं घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. तो बाजूने चालणार.

रात्र झाली. मुलांच्या जवळ भरपूर खाणं होतं. पण पाणी नव्हतं. मागूनही कोणी देईना. आणि पाण्याशिवाय घास उतरेना. शेजारी अन्नाचं गाठोडं ठेवून ती मुलं उपाशी झोपली.

त्यातला एक मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याने हे सगळं पुढे स्वतः लिहून ठेवलं, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. पुढे 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर हाच मुलगा मोठा होऊन ओंजळीत पाणी घेतो, तेव्हा त्या ओंजळीमागे ही रात्रही होती असं मला नेहमी वाटतं.

आता सांगा. नवे कपडे, आगगाडी, बांधून दिलेला डबा. ही पण व्हिंटेज ट्रिपच आहे. आपण इन्स्टावर हिचा बोर्ड बनवतो का?

पाव, चहा आणि कल्याणचे एक पोस्टातले क्लार्क

मग प्रश्न असा, की ‘सगळे मित्रमैत्रिणी एका कापडावर बसून एकमेकांच्या डब्यातलं खातात’ हे जे आपण किती सहज करतो, ते सुरू कधी झालं? कोणीतरी पहिल्यांदा केलं असेलच ना?

केलं. आणि लपून केलं. 1849 साली मुंबईत परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा निघाली. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी. जातिभेद मोडायचा, हा उद्देश. नवीन सदस्य आत आला की त्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागायचा. बस, एवढंच. वडापावातला पाव, जो आज तुम्ही स्टेशनवर दोन मिनिटांत संपवता, तो तुकडा खाल्ला म्हणजे तुम्ही जात मोडली. पुढे सदस्यांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर पडतील या भीतीने मंडळीच विस्कटली. पावाच्या तुकड्याची एवढी भीती.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ते मात्र लपून नव्हतं. दारातच होतं.

आणि मग 1890 चा ऑक्टोबर. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली मोठमोठी मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. काही दिवसांनी ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात नावांची यादीच छापून आली. मिशनऱ्यांकडचा चहा प्यायले! केवढं वादळ. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्कार पडले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं, आणि आपल्याच माणसाने ते घ्यावं याचं दुःख रमाबाई रानड्यांच्या आठवणींमध्ये वाचायला मिळतं. एका कप चहासाठी. आपण ज्याला हौसेने ‘हाय टी’ म्हणतो ना, ते.

ही यादी छापवून आणण्यामागे कोण होतं माहितीय? गोपाळराव जोशी. आता कल्याणकरांनो, कान टवकारा. हे तेच गोपाळराव, जे कल्याणला पोस्टात क्लार्क होते आणि ज्यांनी कल्याणच्याच यमुनेशी लग्न केलं. ती नऊ वर्षांची. लग्नानंतर तिचं नाव आनंदी. डॉक्टर आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंची गोष्ट आपण ‘पहिली डॉक्टर’ म्हणून ऐकतो. आज मला तिची दुसरी बाजू सांगायचीय, जेवणाची. 1883 मध्ये ती बोटीने अमेरिकेला गेली. जाण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत तिने सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिने तो शब्द पाळला. शाकाहारी राहिली, नऊवारी नेसली, थंडीत कुडकुडली. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाची बाई, जिला ती फक्त पत्रांतून ओळखत होती, तिने आनंदीला आपल्या घरात ठेवून घेतलं. आनंदी तिला मावशी म्हणायची. आणि त्या घरात आनंदीने तिथल्या मंडळींना आपल्या पद्धतीचं जेवण करून वाढलं. ख्रिस्ती घर, ब्राह्मण मुलगी, एकच छप्पर. ज्या काळात पुण्यात चहाच्या कपावरून चौकशी बसणार होती, त्याच्या सात वर्षं आधी.

11 मार्च 1886 ला ती डॉक्टर झाली. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली. बावीसही पूर्ण नव्हती. म्हणजे आमच्या बर्थडे गर्लपेक्षा तीन वर्षांनी लहान. तिच्या अस्थी समुद्र ओलांडून कार्पेंटर मावशीकडे गेल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. मैत्रिणीने मैत्रिणीला इतकी जागा दिली.

हे मी तिला, म्हणजे बर्थडे गर्लला, फोनवर सांगत होते. ती ऐकून म्हणाली, ‘बरं, म्हणजे तुमच्यातल्यांनाही भांडावं लागलं. पण बघ ना, ते चहासाठी भांडले. आम्ही पाण्यासाठी.’

मी हे वाक्य भागात घेऊ का असं तिला विचारलं. ती म्हणाली, घे.

वाढदिवस तरी कोणाचे?

पिकनिकचं झालं. आता वाढदिवस. केक, मेणबत्त्या ही जर्मन मुलांच्या वाढदिवसाची अठराव्या शतकातली पद्धत. ‘हॅपी बर्थडे’ची चाल 1893 मधली, अमेरिकेतल्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोन बहिणींची, आणि ती मुळात बालवाडीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला केलेली. त्या गाण्यावर हक्क सांगून एक कंपनी पैसे घेत होती, 2015 मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला.

आपल्याकडे वाढदिवस म्हणजे तिथीने औक्षण. ओवाळायचं, कपाळाला कुंकू, हातावर गोड. पण त्यासाठी तिथी माहीत असायला हवी. आणि तिथी कोणाकडे असते? ज्याच्या घरी जन्मवेळ लिहून ठेवणारा आहे त्याच्याकडे.

बाकीच्यांचं काय? तुमच्या घरी विचारून बघा. आजी, आजोबा, काका, कोणाचा तरी वाढदिवस 1 जून निघेल. हमखास. महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेल्या माणसांची अख्खी पिढी आहे! कारण सरळ आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला नाव घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. आई-बापाला तारीख माहीत नसायची. मग गुरुजी पोराकडे बघून, वयाचा अंदाज घेऊन, प्रवेशाच्या नियमात बसेल असं साल टाकायचे आणि पुढे लिहायचे, 1 जून. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदा आला तोच 1969 मध्ये. त्याआधी ज्यांच्याकडे पत्रिका नाही, त्यांचा वाढदिवस गुरुजींच्या टाकात.

आणि आता एक गोष्ट जोडून बघा. ज्या लोकांना स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती, त्यांनी एक जन्मतारीख मात्र पाठ केली. 14 एप्रिल. 1928 मध्ये पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी ती पहिल्यांदा सार्वजनिकरीत्या साजरी केली. तेव्हापासून आजपर्यंत भर उन्हात, रस्त्यावर, मोकळ्या आभाळाखाली, गोडधोड वाटून. तुम्ही मला विचाराल की महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा उघड्यावरचा वाढदिवस कोणता, तर माझं उत्तर हेच.

शेवटी आम्ही काय केलं

यादी मी फाडली नाही. आम्ही दोघींनी बसून ती पुन्हा लिहिली. ठरवलं, वस्तू जुन्या चालतील, नियम जुना एकही नको. नाव बदललं. ‘आजीच्या काळातलं वनभोजन’ खोडून तिने लिहिलं, ‘दोन्ही आज्या येणार’.

फेब्रुवारीतला रविवार. सकाळी गारवा. आम्ही कल्याणहून आसनगाव गाडी पकडली, हातात दुरड्या, डबे, आणि एक केकचा खोका जो कोणीतरी सतत डोक्यावर धरून होतं. अंथरायला तिच्या आजीने शिवलेली वाकळ होती. मी ‘गोधडी’ म्हटलं, आजी म्हणाली, ‘आमच्या सातारकडं वाकळ म्हणत्यात.’ जुन्या लुगड्यांचे तुकडे. कोणतं लुगडं कोणाचं, ते तिला सगळं माहीत. मंडळी, दुकानातलं चौकटीचं कापड तुम्हाला असं काही सांगणार आहे का?

मेन्यू आम्ही मूळ फ्रेंच नियमाने केला, प्रत्येकाने घरून आपला वाटा आणायचा. आगरी मित्राने तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. एकीने साबुदाणे वडे. एकाने बिर्याणीचा डबा. माझ्या आईने अळूवड्या दिल्या. तिच्या घरून झुणका, बाजरीची भाकरी, ठेचा. गोटी सोडा आणला होता, पण गोटी आत ढकलायचा लाकडी खुंट दुकानदाराकडून घ्यायलाच विसरलो. अर्धा तास बाटल्यांशी कुस्ती चालली. फोटोसाठी बाबांचा जुना आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर बाराच फोटो. त्यामुळे कोणी क्लिक करायच्या आधी सगळ्यांशी चर्चा. दोन फोटो बोटाचे आलेत. (हसते.)

पत्रावळी घेतल्याच. तीच म्हणाली, घेऊ या. फक्त एक अट घातली. उचलताना प्रत्येकाने स्वतःची नाही, शेजारच्याची उचलायची. मी माझ्या आजीकडे बघितलं. खरं सांगते, मला धाकधूक होती. आजी ऐंशीच्या पुढची आहे. तिच्या लहानपणी जे पाहिलं त्यात ती वाढली. गुडघ्यांमुळे ती खुर्चीवर बसली होती, शेजारच्या खुर्चीवर मैत्रिणीची आजी. जेवणाआधी मैत्रिणीच्या आजीने तांब्या उचलला आणि सगळ्यांना पाणी दिलं. माझ्या आजीने भांडं पुढे केलं, पाणी प्यायली, आणि म्हणाली, ‘गार आहे हो. माठातलं का?’ एवढंच. मी उगाच त्यात फार अर्थ शोधणार नाही. पण मला ते भांडं लक्षात राहणार आहे.

केक कापायच्या वेळी तो जवळजवळ सरबत झाला होता. ‘हॅपी बर्थडे’ म्हणून झालं. मग कोणीतरी आज्यांना विचारलं, तुमचे वाढदिवस कधी?

माझी आजी लगेच म्हणाली, ‘श्रावण वद्य पंचमी.’ पत्रिका आहे ना तिची. घटका-पळांसकट.

दुसरी आजी म्हणाली, ‘माजा एक जून.’ आणि हसली. ‘मास्तरानं लिवलाय.’

‘खरा कधीचा, आजी?’ मी विचारलं. ‘काहीच माहीत नाही?’

‘आई सांगायची, ज्वारीची काढणी चालल्याली. सकाळी रानात गेली आन् दुपारी मी झाले. वैरणीच्या पेंढीवर टाकलं व्हतं मला.’

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, थांबा थांबा. साताऱ्याकडची रब्बीची ज्वारी. ती पेरतात पावसाळा संपता संपता. काढणी होते थंडी सरताना. म्हणजे फेब्रुवारी, फार तर मार्चची सुरुवात.

‘आजी, तुम्ही जूनच्या नाहीच. तुम्ही आत्ताच्या आहात!’

मंडळी, इतिहास शिकवताना आम्हाला सांगतात की कागद नसेल तर पीक बघा, पाऊस बघा, दुष्काळ बघा, पूर बघा. मी परीक्षेत ते लिहून मार्क मिळवलेत. पण शिकलेलं असं कधी कामाला आलं नव्हतं. तिच्या नातीने सुरी आजीच्या हातात दिली. केकचा उरलेला अर्धा आजीने कापला. माझ्या आजीने पर्समधून कुंकवाची डबी काढली, ती तिच्याकडे नेहमी असते, आणि दोघींना, नातीला आणि आजीला, ओवाळलं. निरांजन नव्हतं. केकवरचीच एक मेणबत्ती होती. वाऱ्याने विझायची, पुन्हा लावायची.

बाराव्या फोटोत ते आहे. जरा हललाय, पण आहे.

जाता जाता

मी ‘व्हिंटेज’च्या विरोधात नाही. दुरडी घ्या, वाकळ घ्या, काचेची बाटली घ्या, जुना कॅमेरा घ्या. फक्त जुन्या फोटोत स्वतःला बघायच्या आधी एकदा आपल्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला त्या फोटोत ठेवून बघा. तिला तिथे जागा होती का? पाणी मिळालं असतं का? नसेल, तर तो काळ जसाच्या तसा आणायची हौस करू नका. सगळे मिळून एका कापडावर बसून एकमेकांच्या डब्यात हात घालणं, हे आपल्याकडे जुनं नाही. ते नवीन आहे आणि फार महागात मिळालंय. पाव खाणाऱ्यांनी लपून, चहा पिणाऱ्यांनी दंड भरून, आणि तळ्यावर गेलेल्यांनी मार खाऊन ते मिळवलंय.

या आठवड्यासाठी एक काम देते. घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस 1 जून आहे, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, तुम्ही जन्मलात तेव्हा शेतात काय होतं? पाऊस होता का? कुठला सण जवळ होता? त्या वर्षी गावात काय घडलं होतं? उत्तरं लिहून ठेवा, नाहीतर फोनवर रेकॉर्ड करा. बहुतेकांचा महिना सापडतो. आणि सापडला की मग काय करायचं ते मी सांगायला नको.

आमच्या आजीची पुढच्या वर्षीची तारीख ठरलीय. नातीने कॅलेंडरवर टाकून ठेवलंय, फेब्रुवारीतला दुसरा रविवार, आंबिवली, आंब्याखाली. यावेळी सोड्याचा खुंट मी नेणार आहे.

भेटू पुढच्या भागात. स्टेशन आलं असेल तर उतरा आता, सावकाश.